या मुलाचा वकील कोण?

आमच्या वाशिम जिल्ह्यात घरातला कर्ता माणूस अकाली गेला आणि मागे पोरं लहान असली, की वारसाचा फेरफार होतो, सातबाऱ्यावर पोरांची नावं चढतात आणि नावांपुढे तीन अक्षरं येतात : अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. त्यापुढे आईचं, आजोबांचं किंवा काकाचं नाव असतं. जमीन पोरांची आणि सही दुसऱ्याची. बहुतेक घरांत ती सही प्रामाणिक असते. रोजमजुरी करून पोरांचं वावर जसंच्या तसं राखणाऱ्या आया मी गावोगाव पाहिल्या आहेत. पण सही करणाऱ्याचाच डोळा त्या वावरावर असेल, तर पोरांच्या बाजूने उभं कोण राहणार?

हा प्रश्न फक्त जमिनीचा नाही. मोटारसायकल चोरीच्या संशयावरून पकडलेल्या दहावीतल्या मुलाचा आहे, अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या तांड्यावरच्या मुलीचा आहे, आईबापांच्या फारकतीत दोन्हीकडून ओढल्या जाणाऱ्या लेकराचाही आहे. या सगळ्यांच्या खटल्यांत मोठी माणसं भरपूर असतात. पोलीस, सरकारी वकील, आरोपीचा वकील, आईचा वकील, बापाचा वकील. मुलाचा स्वतःचा वकील असतोच असं नाही.

मी मूळची मंगरुळपीरची, वाशिमला वकिली करते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर माझं नाव आहे आणि माझ्याकडे नेमून आलेल्या कामांत मुलांची कामं बरीच असतात. मुलाला स्वतःचा वकील मिळण्याचा हक्क कायद्यात आहे, तो फुकट आहे आणि तरीही गावात तो फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून हा लेख लिहिते आहे. मुलांची नावं आणि गावं इथे दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. बाल न्याय कायद्याचं कलम 74 आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याचं कलम 23 मुलांची ओळख उघड करायला मनाई करतात आणि ती मनाई योग्य आहे.

वावर कोणाचं?

आपल्या कायद्यात अठरा वर्षांखालचा माणूस अज्ञान समजला जातो. त्याला स्वतःच्या सहीने दिवाणी दावा लावता येत नाही आणि वकीलपत्रही देता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेतला 32 वा आदेश पूर्णपणे अशा मुलांसाठी आहे. मुलाला दावा लावायचा असेल तर तो वादमित्रामार्फत, म्हणजे त्याच्या वतीने दावा चालवणाऱ्या सज्ञान माणसामार्फत लावायचा. मुलावर दावा लागला असेल तर न्यायालयाने त्या दाव्यापुरता पालक नेमायचा. या पालकाचा हितसंबंध मुलाच्या विरुद्ध असता कामा नये, अशी स्पष्ट अट आहे. जवळचा योग्य माणूस मिळाला नाही, तर न्यायालय आपल्या एखाद्या अधिकाऱ्याला किंवा वकिलाला हे काम देतं.

रिसोड तालुक्यातल्या दोन भावांच्या वाटणीच्या दाव्यात मला असंच नेमलं गेलं. बाप गेलेला, आईने दुसरं घर केलेलं, पोरं आजीजवळ. सातबाऱ्यावर अ.पा.क. म्हणून काकाचं नाव आणि वाटणी मागणाराही काकाच. मग या पोरांच्या वतीने काकाच्या विरुद्ध कोण बोलणार? न्यायालयाने तो घोळ वेळीच ओळखला.

थोड्या तारखा गेल्या आणि तडजोडीचा कागद तयार होऊन आला. क्षेत्र अगदी सारखं वाटलेलं होतं, गुंठ्यालाही फरक नव्हता. कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती. मी एका रविवारी शेतावर गेले. विहिरीचं काळं रान काकाच्या वाट्याला होतं. पोरांच्या वाट्याला नाल्यापलीकडचं मुरमाड, जिथे सोयाबीनही गुडघ्याला लागत नाही. पोरांची आजी बांधावर बसली होती. ती म्हणाली, "वो बाई, पानी नाई तं वावर काय चाटाचं हाय पोराइले?"

अज्ञान मुलाच्या वतीने तडजोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागते. 32 व्या आदेशाचा सातवा नियम तसं सांगतो. तेवढ्यावर तो थांबत नाही. मुलाला वकील असेल तर ही तडजोड मुलाच्या हिताची आहे असा दाखला त्या वकिलाने द्यावा लागतो. मी तो दाखला दिला नाही आणि का दिला नाही हे लिहून न्यायालयात सादर केलं. पुढे विहिरीत पोरांचा निम्मा हिस्सा आणि पाइपलाइनसाठी वाट कागदावर आली, तेव्हा मी सही केली. पोरं तेव्हा शाळेत होती. आपल्या पाण्यासाठी काही चाललं होतं, हेही त्यांना पुढे आजीकडूनच कळलं असेल.

याच ओघात प्रत्येक घराला माहीत असावी अशी एक गोष्ट सांगते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 च्या आठव्या कलमानुसार, मुलाच्या स्वतःच्या मालकीची स्थावर मिळकत विकायला आई किंवा बाप यांनाही न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. परवानगीविना विकली, तर तो मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून मागू शकतो. समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव तालुक्यांतून गेला आणि जमिनीला भाव आले. अशा वेळी हे कलम ठाऊक असणं विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्याही फायद्याचं आहे.

वय किती, हे आधी विचारा

आता पकडलेल्या मुलाकडे येऊ. बाल न्याय कायदा 2015 प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात बाल न्याय मंडळ असतं. त्यात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्या दोघांतली एक महिला असलीच पाहिजे. मंडळाने उंच मंचावर बसायचं नाही आणि मुलाला पिंजऱ्यात उभं करायचं नाही. पोलिसांनी मुलाला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, बेडी घालायची नाही आणि चोवीस तासांत मंडळापुढे आणायचं. विधी सेवा संस्थेमार्फत मुलाला वकील मिळतो आहे की नाही, हे पाहणं आठव्या कलमाने मंडळाचंच कर्तव्य ठरवलं आहे. म्हणजे मुलाने मागण्याची वाट पाहायची नाही.

अशा मुलाची भेट झाली की मी गुन्ह्याविषयी नंतर विचारते. आधी शाळा विचारते. पोलिसांच्या कागदावर वय अठराच्या वर लिहिलं गेलं की मुलगा मोठ्यांच्या न्यायालयात आणि पुढे मोठ्यांच्या तुरुंगात जातो. तेव्हा शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरचा उतारा हा त्याच्यासाठी पहिला बचाव असतो. वय ठरवण्याचा क्रम कलम 94 मध्ये दिलेला आहे. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला आणि हे दोन्ही नसेल तरच वैद्यकीय चाचणी. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आईबापांसोबत गावोगाव फिरलेल्या मुलाचा दाखला शोधणं सोपं नसतं. एका मुलासाठी मी मानोऱ्यापासून त्याच्या तिसऱ्या शाळेपर्यंत गेले, तेव्हा तिथल्या हेडमास्तरांनी कपाट उघडून जुनं रजिस्टर काढलं आणि जन्मतारखेवर बोट ठेवलं. त्या ओळीमुळे मुलगा सोळा वर्षांचा ठरला आणि मंडळापुढे आला. मंडळाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवला, जामीन दिला आणि मुलगा परीक्षेला बसला.

ही धावपळ एवढी मोलाची का, याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात आहे. 1994 मध्ये पुण्यात एका घरात सात जणांचे खून झाले. गुन्हा भयंकर होता आणि त्या कुटुंबाचं दुःख कशानेही भरून येणारं नव्हतं. आरोपींतल्या एकाला 1998 मध्ये फाशीची शिक्षा झाली, 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. खटल्याच्या कागदांत त्याचं वय विशीच्या आसपास धरलेलं होतं. राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेच्या नोंदीत त्याचं नाव वेगळं होतं आणि जन्मतारीख 1 फेब्रुवारी 1982 होती. त्या नोंदीची न्यायालयीन चौकशी झाली आणि 27 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. तोवर त्याची अठ्ठावीस वर्षांहून अधिक तुरुंगात गेली होती, त्यातली बहुतेक फाशीच्या छायेत. त्याची सुटका आमच्याच विदर्भातल्या नागपूर कारागृहातून झाली. बालकाला कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवता आलं असतं.

एवढ्या वर्षांत तो मुलगा किती वकिलांच्या आणि किती न्यायालयांच्या नजरेखालून गेला असेल! शाळेचा तो कागद सगळा काळ आपल्या जागी होता. तो वेळेवर न्यायालयापुढे यायला हवा होता आणि ते काम मुलाच्या वकिलाचं असतं. आता कलम 9 नुसार अज्ञान असल्याचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही मांडता येतो. पण उशिरा मांडण्याची किंमत मुलगा आपल्या आयुष्याने मोजतो.

सरकारी वकील मुलीचा वकील नसतो

पोक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. त्यातल्या खटल्यात लोकांचा एक मोठा गैरसमज असतो. "सरकारी वकील हायेत ना, मंग आमाले दुसरा कायले पायजे?" असं आईबाप विचारतात. सरकारी वकील राज्याच्या वतीने खटला चालवतो. गुन्हा सिद्ध करणं हे त्याचं काम आणि त्याच्या टेबलावर असे पुष्कळ खटले असतात. मुलीच्या गरजा त्याहून वेगळ्या असू शकतात. तिची शाळा बुडू नये, आरोपी जामिनावर सुटून त्याच वस्तीत परत येऊ नये, नुकसानभरपाई वेळेवर मिळावी, साक्षीसाठी तिला पुन्हा पुन्हा फेऱ्या पडू नयेत, या गोष्टी बोलायला तिचा स्वतःचा माणूस लागतो. कलम 40 तो हक्क देतं. कुटुंबाला वकील करणं परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाने वकील दिलाच पाहिजे. तो वकील खटला स्वतः चालवत नाही, सरकारी वकिलाला साहाय्य करतो आणि मुलीच्या वतीने न्यायालयात म्हणणं मांडतो.

2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर या बाबतीत महत्त्वाचे निर्देश दिले. आरोपीचा जामीन अर्ज असो वा दुसरा कोणता अर्ज, त्याची सूचना मुलाच्या कुटुंबाला, पालकाला किंवा वकिलाला मिळाली पाहिजे आणि त्यांना बोलण्याची संधी मिळाली पाहिजे. या निर्देशांआधी आरोपी सुटल्याची बातमी घरच्यांना पानटपरीवर कळायची, असे प्रसंग मी ऐकले आहेत.

आमच्या जिल्ह्यात या कामाला आणखी एक बाजू आहे. मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाची काशी. या भागातल्या तांड्यांवरची मुलं शाळेत मराठी बोलतात आणि घरात गोरमाटी. अशाच एका मुलीच्या कामात माझी नेमणूक झाली होती. शाळा, अभ्यास, मैत्रिणी याविषयी ती माझ्याशी मराठीत छान बोलायची. घडलेल्या गोष्टीकडे आलं की ती गप्प व्हायची. तिच्या आईजवळ बसवलं तेव्हा ती गोरमाटीत बोलू लागली, आधी "याडी, याडी" करत अडखळली आणि मग सगळं सांगत गेली. पोक्सोच्या कलम 38 मध्ये दुभाष्याची तरतूद आहे. मी अर्ज दिला, न्यायालयाने गोरमाटी जाणणारी शिक्षिका दुभाषी म्हणून घेतली आणि मुलीची साक्ष तिच्या घरच्या भाषेत झाली. अर्ज एका पानाचा होता. तो नसता तर अडखळत्या मराठीतली तिची साक्ष "विसंगत" ठरवायला उलटतपासात वेळ लागला नसता.

याच कायद्याने साक्षीची रीतही बदलली आहे. दोन्ही बाजूंचे प्रश्न विशेष न्यायालयाकडे द्यायचे आणि ते न्यायाधीशांनी मुलीला विचारायचे. तिच्या चारित्र्यावर चिखलफेक करणारे, दरडावणारे प्रश्न चालत नाहीत. साक्ष देताना आरोपी तिच्या नजरेस पडता कामा नये. सुनावणी बंद दाराआड आणि विश्वासाच्या माणसाच्या सोबतीने व्हायला हवी. न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत साक्ष नोंदवायची आणि शक्य तोवर एका वर्षात खटला संपवायचा. यातलं काही राहून गेलं तर उठून उभं राहणारं कुणी लागतं. म्हणून मुलीचा वकील. गरीब आरोपीलाही सरकारी खर्चाने वकील मिळतोच, त्यासाठी आता जिल्ह्याजिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालयं आहेत. न्याय दोघांनाही मिळावा, म्हणून दोघांचे वकील वेगळे असायला हवेत.

मुलाला काय हवं आणि मुलाचं भलं कशात

सर्वांत अवघड काम ताब्याच्या वादाचं. आईचा वकील सांगतो की मुलाचं भलं आईजवळ आहे, बापाचा वकील सांगतो की बापाजवळ. दोघेही मुलाचंच नाव घेतात. 1890 च्या पालक व पाल्य कायद्यात मुलाचं कल्याण हा मुख्य निकष आहे, आणि मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायालय त्याची पसंती विचारात घेऊ शकतं. कौटुंबिक न्यायालयांसाठी महाराष्ट्रात 1988 मध्ये केलेल्या नियमांत, वादाची झळ लागणाऱ्या मुलासाठी स्वतंत्र वकील नेमण्याचा अधिकार न्यायालयाला दिलेला आहे. हा अधिकार फार कमी वापरला जातो, कारण तो वापरा असं म्हणणारं तिथे कुणी नसतं.

कारंज्याच्या बाजूचा एक मुलगा आठवतो. आई माहेरी, बाप पुण्यात कंपनीत. दोघांनीही ताबा मागितला होता. मी त्याला वेगळं बसवून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मले आजीजवळ राहाचं हाय." ती बापाची आई, गावात एकटी राहणारी. लहानपणापासून त्याला तिनेच वाढवलं होतं. दोन्ही अर्जांत आजीचा उल्लेखसुद्धा नव्हता.

आता माझं काम काय? तो म्हणतो तेच न्यायालयाला सांगायचं, की त्याच्या भल्याचं मला वाटतं ते सांगायचं? आजी थकलेली, दमेकरी. गावात शाळा चौथीपर्यंतच. त्याने आईजवळ राहून शिकावं असं मला स्वतःला वाटत होतं. जगभरातले मुलांचे वकील या प्रश्नाशी झगडतात. काही देशांत या दोन कामांसाठी दोन वेगळी माणसं नेमतात, एक मुलाची इच्छा मांडायला आणि दुसरं मुलाचं हित पाहायला. आपल्याकडे बहुधा एकाच माणसाला दोन्ही करावं लागतं.

माझी रीत अशी आहे. मुलाने सांगितलेलं जसंच्या तसं न्यायालयापुढे ठेवायचं, त्यात माझं मत मिसळायचं नाही. त्यानंतर, वेगळ्या परिच्छेदात, परिस्थिती मांडायची : शाळा, आजारपण, घरातलं वातावरण, खर्च. तुझं म्हणणं मी सांगणार आहे, पण ते मान्य होईलच असं नाही, हेही मुलाला आधीच सांगायचं. मुलं हे समजू शकतात. त्यांना फसवणूक मात्र सहन होत नाही. या मुलाशी न्यायाधीश आपल्या दालनात बोलले. ताबा आईला मिळाला, बापाला भेटीचे दिवस ठरले आणि दिवाळीची व उन्हाळ्याची सुट्टी आजीच्या घरी घालवायची, हे आदेशात आलं. त्याची पूर्ण इच्छा पुरी झाली नाही. पण त्याची आजी न्यायालयाच्या कागदावर आली, आणि ती फक्त त्याच्यामुळे आली.

बालविवाहातही मुलाला स्वतःचा आवाज कायद्याने दिलेला आहे. 2006 च्या कायद्यानुसार, अल्पवयात लग्न लावलेली मुलगी किंवा मुलगा ते लग्न रद्द करून मागू शकतो. अजून अज्ञान असेल तर पालक किंवा वादमित्र आणि बालविवाह प्रतिबंधक अधिकारी यांच्यामार्फत अर्ज करायचा, आणि सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत ही मुभा राहते. गावात हा अधिकारी म्हणजे आपला ग्रामसेवकच. लग्न लावणारे आईबापच असतात, तेव्हा त्यांच्या विरुद्ध उभं राहणाऱ्या मुलीला वकील कोण देणार? तिथेही विधी सेवा प्राधिकरणच.

हा हक्क आला कुठून

हा हक्क कुणी आपणहून दिलेला नाही. अमेरिकेत अॅरिझोना राज्यात जेराल्ड गॉल्ट नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलावर शेजारणीला अश्लील फोन केल्याचा आरोप आला. वकील नाही, तक्रारदार बाई न्यायालयात आल्याच नाहीत, तरी मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृहात धाडलं. त्याच गुन्ह्याला मोठ्या माणसाला पन्नास डॉलरपर्यंत दंड किंवा दोन महिने कैद होती. 15 मे 1967 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा खटल्यात मुलालाही वकिलाचा हक्क आहे.

आपल्याकडे हे काम पुढे नेलं मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी. 1983 मध्ये त्यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या तुरुंगांतल्या स्त्री कैद्यांसाठी कायदेशीर मदतीचे निर्देश दिले. पुढे त्या देशभरच्या तुरुंगांत अडकलेल्या मुलांचा प्रश्न घेऊन गेल्या. 1986 मध्ये न्यायालयाने आदेश दिला की राज्याच्या विधी साहाय्य मंडळाने प्रत्येक तुरुंगात आठवड्यातून एकदा दोन वकील पाठवावेत आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना मदत करावी. 1987 मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला, तो 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमात मोफत वकिलाचा हक्क असलेल्यांची यादी आहे आणि त्यात स्त्रिया व मुलं आहेत. मुलासाठी उत्पन्नाची अट नाही. बाप श्रीमंत असो की भूमिहीन, मूल हे मूल म्हणूनच पात्र आहे. 1992 मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्याचं बारावं कलम सांगतं की मुलाशी संबंधित न्यायालयीन कामात त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे.

नेमणूक झाली म्हणजे काम झालं नाही

कायदा चांगला आहे, कामात त्रुटी आहेत. वकील मुलाला पहिल्यांदा भेटतो तो सुनावणीच्या दिवशी, पुकारा व्हायच्या आधी व्हरांड्यात, असं अनेकदा होतं. तारखेगणिक वकील बदलला की मुलाला तीच कहाणी नव्याने सांगावी लागते. पॅनलची फी तुटपुंजी असते, त्यामुळे अनुभवी वकील ही कामं घेत नाहीत आणि नवख्यांना मुलांशी बोलण्याचं पुरेसं प्रशिक्षण मिळत नाही. माझं ठाम मत आहे की मुलाच्या कामात एकच वकील शेवटपर्यंत राहायला हवा, सुनावणीपूर्वी त्याने मुलाला एकांतात भेटलंच पाहिजे आणि निकाल लागल्यावर तो मुलाला त्याच्या भाषेत समजावून सांगितला पाहिजे. त्या भेटीची नोंद रोजनाम्यात यावी. आणि त्या कष्टांची फी नीट मिळावी.

वाशिम 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा झालेला छोटा, सहा तालुक्यांचा जिल्हा. 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. इथे मोठे वकील थोडे आणि गरजू मुलं पुष्कळ. पण इथे अंगणवाडी सेविका प्रत्येक घर ओळखते, शिक्षक मुलाचा चेहरा वाचतो, तांड्याच्या नायकाला कुणाच्या घरी काय चाललंय ते ठाऊक असतं. हक्काची माहिती या माणसांपर्यंत पोचली, तर ती मुलांपर्यंत पोचते.

म्हणून वाचकांना सांगणं एवढंच. तुमच्या माहितीत एखाद्या मुलाचं काम न्यायालयात, बाल न्याय मंडळात किंवा बाल कल्याण समितीपुढे असेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जा. साध्या कागदावर अर्ज चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथले विधी स्वयंसेवक लिहून घेतात. वकिलाची फी, कोर्ट फी, नकलांचा खर्च यांपैकी काहीही द्यावं लागत नाही. कुणी पैसे मागितले तर देऊ नका आणि प्राधिकरणाच्या सचिवांना कळवा. विधी सेवेचा क्रमांक 15100 आहे, संकटातल्या मुलासाठी 1098. आणि मुलासोबत न्यायालयात गेलात, तर कामकाज सुरू होण्याआधी न संकोचता विचारा : या मुलाचा वकील कोण? उत्तर मिळालं नाही, तर त्याच दिवशी वकील मागा. मुलाच्या वतीने तुम्हीसुद्धा तो मागू शकता.